ठळक ठिपके

आमच्या प्रयोगशाळेत स्फटिकावर क्ष-किरण सोडले की पडद्यावर ठिपके उमटतात. विभागप्रमुख साहेब पाहुण्यांना ते दाखवत म्हणतात, "हा बघा आमचा रेणू." रेणू कसला? ठिपका किती ठळक एवढंच त्यात दिसतं. किरणांची कोणती लाट आधी आली, कोणती मागून, हे हरवलेलंच असतं. आणि त्याशिवाय रेणूचा आकार कळत नाही. एकट्या लाटेकडे कितीही बघा, ती सांगत नाही. जिची चाल ठाऊक आहे अशी दुसरी लाट तिच्यात मिसळावी लागते. माझ्या सहकारी सुमेधाताईंनी वर्षभर खपून तेही करून दाखवलं.

साहेब म्हणाले, "दुसरी कशाला? ठिपके ठळक आहेत ना?"

भिंतीवरच्या फोटोत यंत्राशेजारी साहेब एकटेच उभे आहेत. चांगले ठळक आलेत.