मिस्त्रींच्या छातीचा फोटो

धराबाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी अख्ख्या इस्पितळाला त्या धराबाईच. छातीच्या विभागात एक्स-रे काढण्यात त्यांची हयात गेली आणि त्या हयातीत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द म्हणजे 'श्वास घ्या, धरा, सोडा'. सुटे पैसे परत करतानाही बाई 'धरा' म्हणाल्या की समोरचा श्वास रोखतो, अशी त्यांची थट्टा चाले. बाईही हसून सोडून देत.

फोटो काढणं त्यांचं आणि वाचणं डॉक्टरांचं. ही रेघ त्यांनी कधी ओलांडली नाही. पण डोळ्यांना कोण अडवणार? काचेमागच्या पडद्यावर फुप्फुसं उमटली रे उमटली की आत काही आहे का, हे त्यांना पोटात कळायचं. कळायचं म्हणजे घाबरायला पुरेल इतकं. काय आहे, ते डॉक्टरच सांगणार. शिवाय डॉक्टरांच्याही डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या सावल्या त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. खांद्यावर राहिलेली वेणी फुप्फुसाच्या शेंड्यावर डाग होऊन बसते. चुकून अंगावर राहिलेलं बटण गाठीचं सोंग घेतं. म्हणून काही वेडंवाकडं दिसलं की बाई आधी माणूस चाचपत आणि डॉक्टरांना विचारून दुसरा फोटो काढत. कितीतरी डाग त्या चाचपण्यातच पळून जात.

काचेमागून त्या बाहेर आल्या की पेशंट पहिल्यांदा त्यांचं तोंड बघे. सगळं ठीक असलं तर बाई सरळ त्याच्या डोळ्यांत बघून "घाला शर्ट" म्हणत. नसलं तर त्याच्याकडे न बघता छाती टेकवायच्या स्टँडशी खुडबुड करत, त्याचा उंचीचा स्क्रू पिळत बसत, जणू तो वाकडा झालाय. ही युक्ती त्यांनी एकदा जेवताना नवऱ्याला हसत हसत सांगितली होती. तो म्हणाला होता, "म्हणजे तुझ्या स्टँडला बिचाऱ्याला उसंत नसेल."

नवरा सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. नजर अशी की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चपला काढायच्या आत त्या घरचा दरवाजा कुठे घासतो ते सांगून मोकळे. ते बरेच दिवस खोकत होते. "भुसा आहे गं," म्हणायचे, "जन्मभर खाल्लाय, आता बाहेर निघतोय." आणि दिवसभर दुसऱ्यांच्या छात्या बघणारी बायको घरी येऊन त्या खोकल्याला गरम पाणी देत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग एके सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. बाईंनी त्यांना दंडाला धरून इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच काढा. तुमच्याइतका सरळ फोटो कोण काढणार?"

मिस्त्रींनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि खोलीकडे एकदा सुताराच्या नजरेने बघून घेतलं. बाईंनी त्यांची छाती स्टँडला टेकवली, हनुवटी वर ठेवली, हात कमरेवर देऊन कोपरं पुढे ओढली.

"थंड आहे गं हे."

"हलू नका. श्वास घ्या. धरा. सोडा."

चित्र उमटलं. उजवीकडे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या जरा खाली एक पांढरट सावली होती. वाटाण्याएवढी असेल.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग रोजची सवय कामी आली. माणूस चाचपायचा. त्या बाहेर गेल्या आणि नवऱ्याच्या उघड्या पाठीवर दोन्ही हात फिरवायला लागल्या.

"अगं, दार उघडं आहे. लोक काय म्हणतील?"

"गप्प उभे राहा. मागे वळू नका."

आणि बोटांना ती लागली. उजव्या खांद्याच्या पात्याजवळची चामखीळ. वाटाण्याएवढीच. लग्न झाल्यापासून बाई तिच्यामागे हात धुऊन लागल्या होत्या, काढून टाका, बरी दिसत नाही म्हणून. ती आज देवासारखी भेटली. अशी उंच चामखीळही फोटोत उतरते, फुप्फुसात असल्यासारखी दिसते. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

पण खात्री करायला हवी होती. बाईंनी फोनवरून डॉक्टरांना दुसऱ्या फोटोचं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. कागदांना लावायची एक पिन वाकवून तिचं वर्तुळ केलं आणि चामखिळीभोवती चिकटपट्टीने पाठीला लावलं. धातूचं वर्तुळ फोटोत पांढरं स्वच्छ उमटतं. सावली वर्तुळाच्या आत आली तर ती चामखीळ. बाहेर राहिली तर ती छातीतली.

"आता आणि काय चिकटवतेस?"

"पहिला फोटो हलला होता."

जन्मभर तोलूनमापून बोललेली बाई धडधडीत खोटं बोलली. आणि काचेमागे येऊन बसली ती बसूनच राहिली. बटणावर बोट होतं, ते दाबवेना. कारण एक गोष्ट त्यांनी मघाशीच पाहिली होती आणि न पाहिल्यासारखी केली होती. बाहेरची चामखीळ फोटोत कोरल्यासारखी दिसते. या सावलीची कड पिंजलेली होती. असेल, मशिनचा दोष असेल, असं त्या मनाशी घोकत होत्या. बटण दाबलं नाही तोवर नवरा निरोगी होता. दाबलं की कुणास ठाऊक. त्यांना वाटलं, असंच बसून राहावं, मिस्त्रींनी असंच पाठमोरं उभं राहावं.

"झोप लागली का गं तुला?" मिस्त्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "धरा."

बटण दाबलं. पडद्यावर बरगड्या आल्या, हृदय आलं, वर्तुळ आलं. वर्तुळ रिकामं होतं. सावली त्याच्या दोन बोटं वर, होती तिथेच.

बाई बघत राहिल्या. किती वेळ कोण जाणे. मग काचेपलीकडे खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या 'सोडा' म्हणाल्याच नव्हत्या. आयुष्यात बायकोचं धड एक न ऐकलेला तो माणूस, कोपरं पुढे ओढून, खांदे थरथरेपर्यंत श्वास धरून उभा राहिला होता.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. बाहेर जायचं, सरळ डोळ्यांत बघायचं आणि 'घाला शर्ट' म्हणायचं. बाकीचं डॉक्टर सांगतील. हे त्यांनी मनाशी दोनदा म्हणून घेतलं आणि दार ढकललं. मिस्त्री शर्टात हात घालत होते. त्यांनी मान वळवली आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं. बाईंची मान आपोआप खाली गेली, हात पुढे झाले आणि स्टँडचा स्क्रू पिळायला लागले.

मिस्त्री बटणं लावायचे थांबले. त्यांनी एक डोळा मिटला आणि स्टँड वरपासून खालपर्यंत निरखला.

"ओळंब्यात आहे गं, अगदी सरळ," ते म्हणाले. "आत आलो तेव्हाच बघितलं होतं."

बाई स्क्रू पिळतच राहिल्या.

"सोड तो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला भीती वाटते. माझ्याकडे बघ."