उकिरड्यातल्या पन्न्या

२००३ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. मृगाच्या तोंडावर उकिरडा उपसून खत रानात टाकलं आन वखर धरला, तर चार पावलांत पात्याला प्लास्टिकच्या पन्न्यांचा हा गुंडाळा! बैल थांबवायचे, पन्न्या ओढायच्या, पुन्हा तेच. वर्षाचं खत नासलं म्हणून आंगाची आग झाली. घरी येऊन ताटावर बसताच सुनेवर ओरडलो, "उकिरड्यात पन्न्या काहून टाकता? जमिनीनं काय गिळावं?" तशी चुलीपुढून बायको कडाडली, "तिला काहून बोलून राहिले? सेनगावच्या बाजारातून दहा पन्न्या लोंबवत येतं कोण? पोरगं मास्तर झाल्यापासून कापडी पिशवी धरायची लाज वाटते तुमाला!" मी भरल्या ताटावरून उठलो. तिच्या बोलण्याचा राग मला आजबी येतो, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपलं घेऊन एकटा रानात गेलो आन ढेकळांतून पन्न्या वेचत बसलो. सून न्याहारी घेऊन आली आन माझ्या बाजूला वाकली, तशी मी खेकसलो, "हात नको लावू! माझ्या हायेत त्या."