पंगतीवरचं ड्रोन

साताऱ्याजवळच्या एका लग्नात तो दिसला. फौजेतून नुकताच घरी आलेला. पंगत सोडून एकटाच आंब्याखाली जेवत होता आणि स्टीलच्या ताटावर ऊन चमकलं की हातानं झाकत होता. "पाव्हणं, इकडं बसा की," मी म्हणालो. तो हसून आणखी सावलीत सरकला.

तेवढ्यात शूटिंगवाल्याचं ड्रोन घोंघावत पंगतीवर आलं. "पांगा! पांगा!" ओरडत तो धावला आणि त्यानं नवरीच्या बापालाच दंडाला धरून उठवलं. सगळे हसले. मीही हसलो.

मग मी त्याला पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "बॉर्डरवर आमी चौघं असंच जेवाय बसलो हुतो. ड्रोन आलं तवा मी पाणी आणाय गेलतो."

ड्रोन परत खाली आलं. पंगतीतली माणसं वर बघून हात हलवू लागली. तो ओठातल्या ओठात त्यांची डोकी मोजत होता.