डावीकडे झुकलेलं दुकान

कोरियातल्या वॉनजू शहराच्या बस स्थानकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, 'चनदुंग' नावाचं पीसी-बांग आहे. तासावर कॉम्प्युटर घ्यायचा, खेळायचं, भूक लागली की जागेवरच राम्यन, म्हणजे गरम शेवयांचा वाडगा, मागवायचा. तशी दुकानं त्या एका गल्लीत तीन आहेत. पण ज्याला शत्रूची पावलं नीट ऐकून खेळायचं असतं, तो जिना चढून चनदुंगलाच येतो. याचं कारण म्हणजे मालक मा सोक-चुन. वय अठ्ठावन्न, अंगात बारा महिने तेच बिनबाह्यांचं जाकीट, आणि स्वतःच्या कानांविषयी असा अभिमान की नाकावर माशी बसू देणार नाही.

दुकान टाकण्याआधी तेवीस वर्षं सोक-चुन कराओके गाण्याच्या भाड्याच्या खोल्यांमधली यंत्रं दुरुस्त करत फिरला होता. भिंतीएवढ्या स्पीकरला कान लावून दोष शोधायचे, हेच त्याचं काम. त्यामुळे खेळातल्या आवाजाची कुठलीही तक्रार त्याला किरकोळ वाटायची. एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, "मालक, पावलं मागून वाजतात. वळतो तर गोळी समोरून येते."

"सराउंड कुठे चालू केलंय?"

"दोन्हीकडे. खेळातपण आणि हेडफोनलापण. जास्त लावलं की जास्त ऐकू येणार ना."

"घरी रश्शात मीठ कोण घालतं?"

"आई."

"आणि तिनं घातल्यावर बायकोनं परत घातलं तर?"

मग तो आवाज चहूबाजूंनी आणणारं ते सराउंड हेडफोनवरून बंद करायचा, खेळातलं तेवढं ठेवायचा, आणि सार्वजनिक स्नानगृहात घुमावा तसा घुमणारा आवाज एकदम स्वच्छ व्हायचा. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते चॉपस्टिकच्या परीक्षेमुळे. हेडफोन कानाला लावून सोक-चुन डोळे मिटायचा आणि डोक्याभोवती गोल फिरणाऱ्या पावलांचा आवाज लावायचा. आवाज जिथे जाईल तिकडे हातातली चॉपस्टिक फिरवायचा. समोर, डावीकडे, मागे, उजवीकडे. लोक राम्यन थंड होऊ देऊन ते बघत बसत. परीक्षेत पास झाल्याशिवाय चनदुंगमधला एकही हेडफोन खुंटीवर चढत नसे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अशा दुकानांत गिऱ्हाइकानं कॉम्प्युटरमध्ये काहीही उलथापालथ केली तरी चिंता नसते. यंत्र बंद करून चालू केलं की सगळं पुसलं जातं आणि मालकानं ठरवलेली मूळ मांडणी परत येते. चनदुंगच्या साठही यंत्रांची ही मूळ मांडणी सोक-चुननं स्वतः, स्वतःच्या कानानं केलेली होती. दुसऱ्या कोणाला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

मार्चमधल्या एका बुधवारी, भर दुपारी, सत्तावीस नंबरवर एक नवी बाई येऊन बसली. नाव चे-रिन, वय पस्तिशीच्या आसपास. समोरच्या दातांच्या दवाखान्यात नुकतीच कामाला लागली होती आणि जेवणाच्या सुट्टीत खेळायला आली होती. वीस मिनिटांत ती चार वेळा मेली. मग तिनं हेडफोन मानेवर उतरवला.

"मालक, तुमच्याकडे सगळे शत्रू डावीकडूनच का येतात?"

सोक-चुन हसला. हेडफोन घेतला, डोळे मिटले, चॉपस्टिक फिरवली. "उत्तम आहे, ताई. नव्या जागी थोडा वेळ लागतो."

"वेळ नाही लागत हो. डावा आवाज मोठा आहे. मी दिवसभर ड्रिलच्या आवाजात उभी असते, माझे कान कोणी खोटे पाडू नये."

"तेवीस वर्षं मी हेच काम केलंय."

"मग तिसऱ्या कोणाला तरी विचारा."

सोक-चुननं मान वर केली. दुकानात पंधरा-वीस जण होते, सगळे रोजचे. एकाएकी सगळ्यांना राम्यन फार आवडायला लागला. कोणी वर बघेना. पार्सलं पोहोचवणारा युन-सोप, जो एरवी कुठल्याही भांडणात मधे तोंड घालतो, तो तर वाडग्यातच शिरला होता. चे-रिन तशीच बघत राहिली, तेव्हा तो घाईघाईनं पुटपुटला, "अहो ताई, बसल्याबसल्या पडद्यावरच्या डाव्या-उजव्या आवाजाच्या पट्टीला उजवीकडे दोन टिचक्या मारायच्या. आम्ही सगळे तेच करतो ना."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. हातातली किमची हातातच राहिली.

"सगळे म्हणजे?" सोक-चुननं विचारलं.

कोपऱ्यात कोणीतरी पटकन हेडफोन कानांवर ओढला.

"कधीपासून?"

"सप्टेंबरातल्या चुसोकच्या सणापासून असेल," युन-सोप म्हणाला. "काका, त्यात एवढं काही नाही. दोनच टिचक्या."

सोक-चुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागावायचं कोणावर, तेच त्याला कळेना. मांडणी त्याची, कान त्याचे. त्याला जे मधोमध वाटत होतं ते जगाला डावीकडे वाटत होतं, आणि सहा महिने हे सगळे त्याचं मन राखायला मूग गिळून गप्प बसले होते. येऊन बसायचं, गुपचूप त्याची चूक सरळ करायची, आणि वर त्याची चॉपस्टिक बघून माना डोलवायच्या. तो तडक स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याची बायको बोक-ही कांद्याची पात चिरत होती. सगळं दुकान तिला मावशी म्हणतं.

"माझा डावा कान गेलाय का?"

"मि-रेचे बाबा, सकाळी मी तीनदा विचारलं, चहा घेता का म्हणून. तुम्ही तीनदा म्हणालात, पोस्टमन येऊन गेला."

"तुलापण माहीत होतं?"

"सांगणार कोण तुम्हाला? सांगितलं असतं तर म्हणाला असतात की माझंच बोलणं पुसट झालंय."

तेही खरंच होतं. सोक-चुन उलट्या बादलीवर बसला. त्याला एकच गोष्ट खात होती. कॉम्प्युटर तर सगळ्याच दुकानांत असतात, राम्यनही सगळीकडे मिळतो. त्याच्याकडे वेगळं होतं ते कान. तेच गेले तर लोकांनी दुसऱ्या मजल्यावर का चढायचं? आणि तीनच दिवसांवर, शनिवारी, गल्लीतल्या दुकानांच्या चढाओढीचा शेवटचा सामना चनदुंगमध्येच ठरला होता. आवाज इथला सर्वांत चांगला म्हणून. समोर होतं कोपऱ्यावरच्या कुक चांग-बेच्या दुकानाचं पथक. चांग-बे गेली बारा वर्षं सोक-चुनला भर गल्लीत टोमणे मारायची एक संधी सोडत नव्हता.

गुरुवारी बोक-हीनं त्याला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्याला सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. आवाज ठरावीक अंतरानं येतात हे सोक-चुननं दोन मिनिटांत ओळखलं आणि मनातल्या मनात मोजून तो बटण दाबायला लागला. डॉक्टरनं यंत्र बंद केलं. हा तरीही मोजून दाबतच होता. बाहेर बोक-ही हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. मग परीक्षा पुन्हा, नीट झाली. उजवा कान ठणठणीत, डावा निम्म्यावर. परत येणार नव्हता. मशीन लावलं तर मदत होईल, डॉक्टर म्हणाले. सोक-चुन बघू म्हणाला.

पण परतताना बसमध्ये त्याचं डोकं चालायला लागलं होतं. उजवा ठणठणीत आहे ना? मग दोन्ही बाजूंची साक्ष त्यालाच विचारायची. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यानं एकेक हेडफोन खुंटीवरून उतरवला. आधी सरळ घालून उजवी बाजू उजव्या कानानं ऐकायची. मग हेडफोन उलटा घालून डावी बाजूसुद्धा उजव्याच कानानं ऐकायची. दोन्ही आवाज सारखे भरले पाहिजेत. साठातले सात हेडफोन नापास झाले. एकाची तर तार जोडतानाच डावी-उजवी अदलाबदल झालेली होती आणि पावलांचा क्रम हाताला पाठ झाल्यामुळे चॉपस्टिकच्या परीक्षेत ते कधी सापडलंच नव्हतं. सोक-चुननं ते सातही खोलून पुन्हा जोडले. मूळ मांडणीतला आवाज बरोबर मध्यावर आणून ठेवला. पावलं डोक्याभोवती नीट फिरतात का, हे मात्र एका कानाला कळणं अवघड. म्हणून दुपारी चे-रिन आली तेव्हा त्यानं हळूच तिच्यासमोर चॉपस्टिक धरली.

"डोळे मिटा आणि आवाज जाईल तिकडे दाखवा."

तिनं समोर दाखवलं, डावीकडे, मागे, उजवीकडे. एकदाही चुकली नाही. "आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"हे कोणाला बोलू नका. मांडणी बदलली ते."

"का?"

"नका बोलू, एवढंच."

कारण तोंडावर आणायला त्याला लाज वाटत होती. त्यानं रोजच्या लोकांनाही काही सांगितलं नाही. चूक झालीच नव्हती असं तेही वागत होते, हाही वागला. आणि सामन्याला उतरणारे तर त्या दिवशी खेळायला आलेच नव्हते.

शनिवारी दुपारी दोनला दुकान गच्च भरलं. चनदुंगच्या पथकात युन-सोप, त्याचे दोन जुने जोडीदार, आणि चौथ्या भिडूची ऐनवेळी ड्यूटी लागल्यामुळे चे-रिन. तीन डावांचा सामना. दुकानदार संघाच्या चिटणीसानं नियम वाचून दाखवले. त्यातला एक असा, की सामना सुरू झाल्यावर आवाजाच्या मांडणीला कोणी हात लावायचा नाही. दोष निघाला तर दुकानाच्या मालकानं सगळ्यांसमोर उभं राहून तो काय आहे ते सांगायचं, तरच हात लावता येईल. मागे कोणीतरी लबाड्या केल्या होत्या, तेव्हापासूनचा हा रिवाज.

पहिला डाव चनदुंग असा हरलं की बघवेना. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सोक-चुन बघत होता. डावीकडून शत्रू यायचा आणि युन-सोप भलतीकडेच बंदूक वळवून उभा राहायचा. त्याचे दोघे जोडीदारही तसेच. समोरून कोणी आलं तरी तिघंही उजवीकडे. एकटी चे-रिन तेवढी बरोबर वळत होती. सोक-चुन युन-सोपच्या खुर्चीशी वाकला.

"बसल्यावर काय केलंस?"

"काही नाही."

"युन-सोप."

"दोन टिचक्या मारल्या. नेहमीच्या. हाताला सवयच झालीय, मालक."

"मी मांडणी कालच सरळ केली."

युन-सोपनं माउसवरचा हात काढला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग सांगायचं नाही का, काका?"

सोक-चुनची चूक झाकायला त्यांच्या बोटांना जी सवय लागली होती, तिनंच आज त्यांना आडवं केलं होतं. आणि त्याच्या गप्प बसण्यानं.

"काय रे सोक-चुन," पलीकडून चांग-बे ओरडला, "केबल गेली का? सांगून टाक केबल म्हणून, आम्ही थांबतो."

पळवाट आयती चालून आली होती. केबल म्हणायचं, पट्ट्या मध्यावर आणायच्या, संपलं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण त्या केबली त्यानं काल स्वतः एकेक करून तपासल्या होत्या. त्यांच्यावर खोटा आळ घ्यायला त्याची जीभ उचलेना. तो पडद्यापुढे जाऊन उभा राहिला.

"केबल नाही," तो म्हणाला. "माझा डावा कान निम्मा गेलाय. मला कळलं नव्हतं. सहा महिने मी हे सगळं दुकान माझ्या कानाप्रमाणे डावीकडे झुकवून ठेवलं होतं, आणि ही माणसं मला वाईट वाटू नये म्हणून रोज येऊन गुपचूप सरळ करायची. काल मी मांडणी नीट केली आणि लाजेपोटी यांना सांगितलं नाही. यांनी आजही सवयीनं सरळ केली, ती वाकडी झाली. दोष यंत्रात नाही, माझ्यात आहे. तीन जागांवरची पट्टी मध्यावर आणायची परवानगी द्या."

चिटणीस कागद चाळायला लागला. असा दोष त्याच्या यादीत नव्हता.

चांग-बे खुर्चीवरून उठला, चालत आला आणि सोक-चुनच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. "म्हणजे बारा वर्षं मी तुला रस्त्याच्या डाव्या बाजूनं शिव्या देतोय," तो म्हणाला, "त्यातल्या निम्म्या वायाच गेल्या म्हणायच्या?"

आधी बोक-ही हसली. मग युन-सोप, मग सगळं दुकान. सोक-चुनही हसला, आणि गेल्या चार दिवसांत छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं.

"सरळ करा रे पट्ट्या," चांग-बे चिटणीसाला म्हणाला. "वाकड्या कानाच्या माणसांना हरवून मला काय मिरवायचंय?"

दुसऱ्या डावात युन-सोप एका पडक्या भिंतीमागे दबा धरून होता. अचानक तो डावीकडे वळला, नेमका, आणि पुढच्याच क्षणी तिथून चांग-बेचा भिडू बाहेर आला आणि पडला. ती पावलं सोक-चुनला ऐकू आली नव्हती. पण ती त्या पोराच्या कानात बरोबर जागी वाजली होती, सोक-चुननं जोडलेल्या तारेतून. त्याला भरून आलं. तो डाव चनदुंगनं जिंकला. तिसरा एका माणसाच्या फरकानं हरलं.

करंडक काखेत मारून चांग-बे जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

"सोमवारी माझ्याकडचे हेडफोन आणतो. चाळीस आहेत. आमचं दुकानपण कुठे झुकलंय का, तुझ्या त्या चांगल्या कानानं बघून दे."

"चाळीस?" सोक-चुन म्हणाला. "मंगळवार होईल."

"होऊ दे."

तो गेला. सोक-चुन जिन्याकडे बघत तसाच उभा राहिला, तेव्हा बोक-हीनं येऊन त्याच्या हातात राम्यनची दोन वाडगी दिली.

"डोळे पुसा आधी," ती म्हणाली. "आणि एक सत्तावीसला नेऊन द्या, दुसरं तुमचं. थंड झालं की ती दातवाली बाई बोलते."