काहूनबाईचा बैल

साखऱ्याच्या तांड्यावरच्या नीलाबाईला तिच्या नावानं ओळखणारे कमी. तिचं चालतं नाव काहूनबाई. नवी नवरी असताना सासूनं सांगितलं, मंगळवारी घर सारवायचं नसतं, तर ही पदराआडून म्हणाली, "काहून?" आमच्याकडं काहून म्हणजे का. सासूनं रागारागानं हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढं लस टोचायला नर्सबाई आल्या, त्यांनाही हिनं काहून विचारलं. अंगात देव आणणाऱ्या भगतालाही विचारलं. नर्सबाईंनी ओट्यावर बसून नीट समजावलं, म्हणून हिनं दंड पुढं केला. भगत नुसता चिडला, म्हणून त्याच्यासाठी आणलेल्या नारळाची घरी चटणी झाली.

मी गोरेगावचा. जीपथांब्याजवळचं पानाचं दुकान आता सून चालवते, मी तिथं बातम्यांपुरता बसतो. त्यामुळं ही गोष्ट मला चहूबाजूंनी मिळालेली आहे.

नीलाबाईचा नवरा प्रेमसिंग. मिशा हातभर, काळीज चिमूटभर. गेल्या श्रावणात त्यानं जुन्या बैलाला जोड म्हणून बाजारातून नवा बैल आणला. पांढराशुभ्र, लांब मानेचा, शिंगं एका वळणाची. व्यापारी देविदासनं तो इतक्या सहज सोडला, की प्रेमसिंगला आपल्या हुशारीचंच कौतुक वाटलं. बाजाराला जाताना बायकोचा प्रश्न खिशात घालून न्यायला हवा होता.

नीलाबाईनं बैलाच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, लाखा म्हणून नाव ठेवलं आणि पाठीवरून हात फिरवला. वशिंडामागं तिची बोटं थांबली. तिथं केसांचा उलटा भोवरा होता.

दुपारपर्यंत तांड्याला कळलं, संध्याकाळी गावाला. गावातले संतराम पाटील मुद्दाम बघायला आले. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "प्रेमसिंग, हा भोवरा धन्याला खातो. वरसाच्या आत." आणि या घरचा चहा पुन्हा नको, अशी बशी पालथी घालून गेले.

दोनच दिवसांत प्रेमसिंगची मोटारसायकल वळणावर चिखलात घसरली, घोटा सुजला. झालं. त्या वळणावर मीही पडलोय, आणि माझ्याकडं तर शेळीसुद्धा नाही. पण ते कोण ऐकतं?

"इकून टाकू," प्रेमसिंग खाटेवरून म्हणाला.

"काहून?"

"मी मरंन ना, बाई."

"मंग ज्याला इकशील तो मरंल. त्याच्या बायकोनं आपलं काय वाईट केलं?"

विकायचं राहिलं. पण त्याची झोप गेली, भाकर अर्ध्यावर आली. बैल दावणीला फुगत चालला आणि धनी खाटेवर सुकत चालला. नीलाबाईला दोघंही हवे होते. मग ती निघाली, हा भोवरा धन्याला खातो हे पहिल्यांदा म्हटलं कोणी, ते शोधायला.

संतराम पाटील म्हणाले, "आमचे वडील म्हणायचे. वडलाला कोणी काहून म्हणत असतं का?"

तांड्यावरचा मास्तर ओमप्रकाश यानं मोबाइलात पाहिलं. एक बाबा म्हणत होता, असा बैल धन्याला खातो. त्याच्या खालचा बाबा म्हणत होता, लक्ष्मी आणतो.

"मंग तू कोणाचं मानतोस?"

"पहिल्याचं, मावशी. तो आधी लागला."

देविदास व्यापारी त्यातल्या त्यात सरळ माणूस. तो म्हणाला, "गिऱ्हाईक मानतं म्हणून मी मानतो. घेताना जरा जास्त मानतो."

शेवटी ती तांड्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या मिराबाईकडं गेली. मिराबाई ठासून म्हणाली, "खरं हाय पोरी. माह्या सासऱ्याकडं असाच भोवऱ्याचा बैल व्हता. सासरा मेला."

"केवढा व्हता सासरा?"

"नव्वदीचा असंल."

"अन् बैल?"

"तो? तो त्याच्या कितीतरी आदी मेला."

हे नीलाबाईनं घरी येऊन सांगितलं तेव्हा प्रेमसिंग हसला. हसला, पण भाकर अर्धीच खाल्ली. भीती डोक्यात असती तर प्रश्नानं निघाली असती. ती पोटात होती.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदामळणीला, नीलाबाईनं तांड्यावरच्या देवळापुढं चार माणसं जमवली, संतराम पाटलांनाही बोलावलं. सगळ्यांदेखत हातातली माहेरची चांदीची कडी काढून तिनं नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली.

"हा बैल मी इकत घेतला. आता धनीण मी. खायचंच असंल तर मला खाईल."

"अन् खाल्लं तर?" प्रेमसिंगनं विचारलं.

"मंग तुला कळंल, घर कोण चालवत व्हतं ते."

लोक हसले. पण मिराबाई सांगते, संध्याकाळी लाखाच्या खांद्याला हळद-तेल चोळताना नीलाबाई बैलाला अगदी चिकटून वाकली. तिनं रीतीप्रमाणं बैलाच्या कानात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग हळूच पुढं जोडलं, "पुरणपोळी खा. मला मातर खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी साखऱ्याच्या वेशीत तोरणाखाली बैल उभे राहिले. कासरे धरलेले सगळे बाप्ये, आणि त्यांत एक नीलाबाई, काचा लावलेली चोळी, ताठ मान. संतराम पाटलांनी आपली जोडी तिच्यापासून बाजूला सरकवली. त्यांचं पाहून दुसऱ्यांनीही सरकवली. त्यानं झालं एवढंच, की मोकळ्या जागेत लाखाची झूल साऱ्या गावाला नीट दिसली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, तोरण तुटलं आणि नीलाबाई त्याखालून बैल घेऊन निघाली. मी मुद्दाम बघायला गेलो होतो; पोळ्याला बैल धरलेली बाई या वयात पहिल्यांदा पाहिली. माझं ना नातं ना गोतं, पण छाती माझीच फुगली. गोरेगावात येणाऱ्या प्रत्येक जीपला मी ते सांगितलं. काहींना दोनदा.

त्या रात्री प्रेमसिंग घोरला. आता तो धनी नव्हता ना. त्याचा भोवऱ्यावरचा विश्वास आजही शाबूत आहे, फक्त त्याची तकलीफ राहिली नाही.

वर्ष सरलं. मी नीलाबाईला विचारलं, "खरंच मानत न्हाईस का गं तू?"

"आबा, भोवऱ्याचं मला म्हाईत न्हाई. मी धनीण हाय अन् जित्ती हाय, एवढं बराबर म्हाईत हाय."

यंदा संतराम पाटलांचा एक बैल ऐन कोळपणीत लंगडला. सोयाबीनात तण गुडघ्याला लागलं आणि ओल्या रानात ट्रॅक्टर जाईना. पाटील तांड्यावर आले, पावसावर बोलले, सरकारवर बोलले, चहा घेतला. या वेळी बशी पालथी घातली नाही.

"नीलाबाई, एका दिवसापुरता लाखा..."

"न्या की पाटील. धनीण मीच हाय. तुमाला काई व्हत न्हाई."

"मी पण तोच इचार करून राहिलो व्हतो," पाटील गंभीरपणे म्हणाले.

दिवस मावळायला ते लाखाला परत घेऊन आले. कासरा ढिला, बैल शांत, आणि पाटलांचा हात वशिंडामागं, नेमका भोवऱ्यावर, खाजवत होता.

नीलाबाईनं पाहिलं. "पाटील, तिथं काहून हात?"

पाटलांनी हात काढला नाही. "त्याला बरं वाटतंय तिथं," ते म्हणाले. "दिवसभर पाहिलं मी."