यंत्राशी जुंपलेला हात

माझे चुलते विष्णूकाका अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावी पोळ्यानंतर आठव्या दिवशी पहाटे वारले. झोपेतच गेले. वय सत्तरीच्या घरात होते. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी औरंगाबादेत, दैनिकाच्या कामावर निघायच्या तयारीत होतो. "दादा, बाबा गेले," एवढेच तो बोलला... रात्रीचे जेवण ते स्वतःच्या हाताने जेवले होते, हे त्याने नंतर सांगितले.

काका गोऱ्हे शिकवत, म्हणजे तरण्या बैलांना जू मानेवर घेऊन ओढायची सवय लावत. आसपासचे शेतकरी नवा गोऱ्हा त्यांच्या दावणीला आणून बांधत. सात वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणे परतले. उजवा हात मांडीवर पडून राहिला. डावा हात ते अन्नाला लावत नसत. काकू घास भरवत. लग्नाचे आमंत्रण आले की काका म्हणत, "चारचौघांत बायकोच्या हातानं खाऊ का? मी येत न्हाई." पुन्हा पंगतीत बसून आपल्या हाताने जेवायचे, याखेरीज त्यांनी काही मागितल्याचे मला आठवत नाही.

दोन वर्षांनी मी त्यांना पुण्याच्या एका रुग्णालयात नेले. लकवा झालेला हात हलवून घेणारा रोबो तिथे आला होता. टेबलाला जोडलेला धातूचा दांडा, त्याला रुग्णाचा हात पट्ट्यांनी बांधायचा आणि समोरच्या पडद्यावरचा ठिपका चौकटीत न्यायचा. हात अडला की यंत्र ढकलते. काकांचा ठिपका लवकरच सरसर जाऊ लागला. काकू संध्याकाळी त्यांची दृष्ट काढू लागल्या. मग एके दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी यंत्राची मदत बंद केली. ठिपका जागचा हलला नाही.

"मंग इतके दिवस कोण करून राह्यलं होतं?" काकांनी विचारले.

"मशीन," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आराम करत होतात, काका."

काका हसले. "म्हंजे मी लबाड गोऱ्हा निघालो. जोडीला शिकलेला बैल असला की गोऱ्हं नुसती मान देतंय, वढत न्हाई."

"अशा गोऱ्ह्याला तुम्ही काय करता?" मॅडमनी विचारले.

"जुवाची मधली गाठ त्याच्याकडं सरकवतो. वजन त्याच्यावर येतं. पर थोडी थोडी. एकदम सरकवली तर खाली बसतंय."

"मीही तेच करणार आहे. रोज थोडी मदत कमी."

"करा. फकस्त चाबूक आणू नका."

"आणाच, मॅडम," काकू मागून म्हणाल्या.

दीडेक महिन्याने आम्ही परतलो. गावात यंत्र नव्हते. त्याचे काम मॅडमनी काकूंना शिकवले होते. कोपराखाली हात धरायचा आणि दिवसेंदिवस आधार काढून घ्यायचा. काकूंना ते जड गेले. घास हवेत थांबला की त्यांचा हात आपोआप पुढे जाई. "सोड! गाठ सरकव म्हनलं ना!" काका ओरडत. भात सदऱ्यावर सांडे. शेवटी काकू त्यांच्याकडे पाठ करून बसू लागल्या.

रोबोने हात बरा केला, असे लिहिणे चूक ठरेल. बोटे अखेरपर्यंत पुरती उघडली नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात अंबडला आपल्या एका पुतणीच्या लग्नात काका पंगतीला बसले. शेवटच्या माणसाचे होईपर्यंत आमच्याकडे पंगत उठत नाही. सगळ्यांची पाने संपली; काकांचा भात अर्धा होता. माणसे उष्टे हात धरून बसून राहिली.

"विष्णूभाऊ, उरका जल्दी. दुसरी पंगत उभी हाये," समोरून कुणीतरी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे उभी. मी तीन वर्सं उभा हाये."

कुणी उठले नाही. त्या मॅडमचे आणि त्या पंगतीचे आमच्या घरावर उपकार आहेत.

त्या लग्नानंतर काकांनी जालन्यातल्या एका वेल्डरकडून आपल्या स्टीलच्या ताटाच्या एका बाजूला उंच पट्टी बसवून घेतली. तिला टेकवून घास उचलता येई. काकू आता त्या ताटात जेवतात.