रंगूबाईचा गुडघा आणि शेवंतीची तार

शेवंती कुणाच्या लग्नाला गेली की मांडवात शिरल्या शिरल्या आधी जनरेटरची वायर कुठून गेलीय ते बघायची आणि मग नवरी बघायची. लोक हसायचे. तिचा नवरा गणू तर ओळखच दाखवायचा नाही. आहेर देऊन थेट पंगतीला जाऊन बसायचा. ओल्या भिंतीला टेकलेला पंखा, नळाशेजारी लोंबणारा होल्डर, न्हाणीघराच्या दारात चार्जिंगला लावलेला मोबाइल, असलं काही दिसलं की बाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

आणि नशीब बघा, हिलाच नोकरी लागली ती पोपटशेठच्या डंक्यावर.

डंका म्हणजे मिरच्या-मसाले कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळं, वर मोटरीवर धपाधप वर-खाली होणारी मुसळं आणि सगळ्याला धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. कल्याणहून शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये हा डंका होता. गणू मोटर चालू-बंद करायचा, शेवंती उखळातली मिरची लाकडी काठीने सारखी करायची. चैत्र लागला की कोळीवाड्यांतल्या आणि आगरी गावांतल्या बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन यायच्या, आणि शेडमध्ये बोलण्यापेक्षा शिंकाच जास्त ऐकू यायच्या. यंत्राच्या वर एकवीरा आईची तसबीर होती. म्हणून चपला दारातच काढायच्या, हा पोपटशेठच्या वडिलांपासूनचा नियम. आत सगळे अनवाणी. एकटी शेवंती रबरी स्लिपर घालून उभी, आणि त्यावरून रोज सकाळी शेठशी एक भांडण ठरलेलं.

कारण ते यंत्र चावायचं.

सांगाड्याला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी त्यावर आपापला तोडगाही काढला होता. गणू म्हणायचा, उजव्या अंगाने जाऊ नये. गिऱ्हाईक बायका एकमेकींना सांगायच्या, हात पदराला पुसून घे गो. पोपटशेठ म्हणायचा, "तीस वर्षं झाली, कोणाला काय झालं का? देव तारी त्याला कोण मारी!" यंत्र दुरुस्त करावं, हे मात्र एकालाही सुचत नव्हतं. मांजर आडवं गेलं तर अर्धा तास थांबणारी ही माणसं, करंट आडवा आला की त्याला वळसा घालून पुढे जात होती.

विजेबद्दल शेवंतीचं शिक्षण किती? मुरबाडकडच्या माहेरी पंपाच्या लोखंडी खांबाला अंग घासायला गेलेली त्यांची म्हैस तिने डोळ्यांदेखत कोसळताना पाहिली होती. सकाळीच तिची धार काढली होती. तेवढंच शिक्षण, पण ते तिला जन्मभर पुरलं.

चावरं यंत्र एक वेळ चाललं असतं. पण पुढे त्या यंत्राला गुण आला.

त्याचं असं झालं. खाडीकडच्या कोळीवाड्यातली रंगूबाई मसाला कुटायला आली. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने हाडकुळी, आवाज मात्र अख्ख्या मासळी बाजाराला पुरेल असा. गुडघे वाताने धरलेले. उठताना तिने आधाराला सांगाड्याचा दांडा धरला, अंगातून झिणझिणी गेली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणे तिचा गुडघा दुखला नाही.

"मना बरा वाटलं गो," ती शेवंतीला म्हणाली. "आईचा हात फिरल्यावानी वाटलं."

"मावशी, तो आईचा हात नाय, करंट आहे! मरशील!"

"अगो, या वयात आणि काय मरायचं रायलंय?"

झालं. रंगूबाई दर दोन दिवसांनी बाजार उरकून रिक्षाने यायची, दांड्याला हात लावायची आणि जायची. मग तिची जाऊ आली. मग जावेची विहीण आली, तिचा खांदा धरला होता. रंगूबाईची नात ऐश्वर्या, शिकलेली पोरगी, तिने तर आजीची रील काढून मोबाइलवर टाकली. आठवड्याभरात मिरच्या नसलेल्या बायकाही दारात चपला काढून उभ्या राहू लागल्या. पोपटशेठने त्यांच्यासाठी एक पाट ठेवला आणि तसबिरीला मोठा हार आणला.

शेवंतीने कपाळावर हात मारला. गाढवापुढे वाचली गीता, तसं तिने प्रत्येकीला समजावलं. काही जणी "हो बाय, बरोबर" म्हणायच्या आणि तिच्या समोरच दांडा धरायच्या. शेठला सांगितलं तर तो म्हणाला, "शेवंती, तुझी श्रद्धा नाय तर नाय, दुसऱ्याची कशाला मोडतेस?"

"शेठ, देवीला तारायला लावताय ते ठीक, पण तिच्या हाताखाली एखादी अर्थिंगची तार तरी द्या!"

शेठने मान वळवली. गणूने तिला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. पण गप्प बसणं तिला जमलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

वैशाखात शेठ पुतण्याच्या हळदीला दिवा गावी गेला. आगऱ्यांची हळद, म्हणजे माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत परत येत नाही, हे शेवंतीला पक्कं माहीत होतं. तिने ओळखीच्या सलिल वायरमनला बोलावलं. सलिल आला आणि दारात थांबून त्याने आधी चपला काढल्या.

"अरे, तू वायरमन ना रे?" शेवंती ओरडली. "तू तरी घाल पायात!"

"काकी, वर देवी आहे ना," सलिल म्हणाला.

तिने स्वतः त्याच्या चपला उचलून आत आणल्या, त्याच्या पायापुढे आपटल्या आणि मगच त्याला यंत्राजवळ जाऊ दिलं. सलिलने बघून सांगितलं की मोटर आतून जुनी झालीय, करंट सांगाड्यात उतरतोय. आणि तो जमिनीत नेणारी अर्थिंगची तार मागे फरशी बसवताना कधीतरी तुटून गेली आहे. मोटर भरून घ्यायला, म्हणजे आतलं तांब्याचं वेटोळं नव्याने गुंडाळायला, वेळ लागणार होता. तार मात्र त्याने त्या दुपारीच बसवून दिली, सांगाड्यापासून मागच्या भिंतीतून थेट जमिनीत. शेवंतीने टेस्टर लावून घेतला, मग स्वतः हात लावून पाहिला. काहीही झालं नाही. यंत्र गाईसारखं गरीब झालं होतं. घरी जाताना तिने गणूला आइस्क्रीम खाऊ घातलं.

दोन दिवसांनी रंगूबाई आली. दांडा धरला. एका हाताने, मग दोन्ही हातांनी.

"अगो, याला काय झायलं? हा तं मेला!"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. बायका एकेक करून हात लावून बघत होत्या आणि शेवंतीकडे असं बघत होत्या, जसं काही तिने कुणाचा चालता दवाखाना बंद पाडला. शेठ हळदीहून आला होता तो जागरणाने लाल डोळे घेऊन. सगळं कळल्यावर आणखी लाल झाला. "आईचा हात काढून घेतलास तू माझ्या डंक्यावरून!" तार काढायला मात्र तो धजावला नाही. मनातून तोही घाबरत असावा. पण बायकांची तोंडं कोण धरणार? रोज येता-जाता शिव्या, शाप, टोमणे. रंगूबाई तर दारात बसून गुडघा चोळत मोठमोठ्याने कण्हायची, शेवंतीला ऐकू जाईल अशी. शेवंती तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्यायची. घरी आल्यावर मात्र भाकरी थापता थापता तिचे डोळे भरायचे. मी यांचा जीव वाचवते आणि या मलाच पाण्यात बघतात, हे तिला सहन होत नव्हतं. गणू समोर बसून तिच्याकडे बघत जेवायचा.

आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. टोमणे थांबले. रंगूबाई एक दिवस हसत आली, दांड्याला हात लावून हसतच गेली. जाऊ आली, तीही खूश. शेवंतीला वाटलं, आली यांना अक्कल, आता नुसता नमस्कार करून जातात. ती मनातून इतकी सुखावली की आठवडाभर कुणावर ओरडलीही नाही. शेडमधल्यांना ती आजारी आहे की काय असं वाटलं.

त्या दिवशी रंगूबाई बाजारातून थेट आली. डोक्यावरच्या पाटीतला बर्फ वितळून तिच्या पाठीवरून, लुगड्यावरून पाणी गळत होतं, पायाखालची फरशी ओली होत होती. शेवंती उखळाशी होती. ती म्हणाली, "मावशी, आधी कोरडी तरी हो," आणि काठी फिरवू लागली. काळजीचं कारण नव्हतं, तार होती ना.

रंगूबाईने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. पाटी खाली पडली. हात दांड्याला चिकटलेले, मान मागे गेलेली, सगळं अंग थरथरतंय. भोवतीच्या बायकांना वाटलं, अंगात आलं. दोघींनी हात जोडले.

शेवंतीला म्हैस दिसली.

तेवढ्यात गणू स्विचजवळून "मावशे!" म्हणत अनवाणीच धावला आणि रंगूबाईचा दंड धरायला त्याने हात पुढे केला. शेवंतीने हातातली काठी अशी हाणली की त्याचं मनगट वाजलं. "हात लावू नका!" ती किंचाळली. गणू मनगट धरून मागे सरला. तिने भिंतीकडे धाव घेतली आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मुसळं जागच्या जागी थांबली. रंगूबाई पाटीतल्या माशांवर बसली.

कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी रिक्षा. रंगूबाईच्या तळव्यांवर चट्टे उठले होते, ओठ पांढरे पडले होते. श्वास मात्र चालू होता. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज जरा जास्तच लागला गो."

शेवंतीला तिला मिठी मारावी की एक ठेवून द्यावी, हे कळेना.

रिक्षा डॉक्टरकडे गेल्यावर ती यंत्राच्या मागे गेली. तार होती. पण तिचं सांगाड्याकडचं टोक सोडवून, नीट गुंडाळून, खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. इतकं नीट गुंडाळणारा माणूस शेडमध्ये एकच होता. घरी दोरी, सुतळी, पिशव्या तो अशाच गुंडाळून ठेवायचा.

"तुम्ही?" ती म्हणाली.

गणूचं मनगट सुजलं होतं. त्याने मान वर केली नाही. "त्या बायका तुला काय काय बोलायच्या," तो म्हणाला. "तू घरी येऊन रडायचीस. मला बघवेना. म्हटलं थोड्या दिवसांसाठी सोडतो, त्या गप होतील. शेठला पण नाय सांगितलं."

शेवंतीकडे जगातल्या प्रत्येकासाठी एक शिवी तयार असायची. तिने तोंड उघडलं आणि एकही आली नाही. जी शांतता तिने आठवडाभर पोटभर उपभोगली होती, ती तिच्यासाठी या माणसाने तार काढून आणली होती, आणि त्या शांततेपायी आज तो स्वतःच गेला असता. ती मिरचीच्या पोत्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. बायकांना वाटलं, मिरची लागली.

आता डंक्यावर नवी मोटर आहे. तार पाइपातून घेतलीय, कुणाला सोडवता येणार नाही अशी. सलिलने भिंतीवर एक नवा खटका बसवलाय; जरा कुठे करंटची गळती झाली की तो आपोआप पडतो. शेठने देवीसमोर माफी मागून दाराजवळ रबरी चपलांची रांग लावली, आत घालायच्या वेगळ्या. हा तोडगा आपल्यालाच सुचला, असं तो सांगतो. सांगू दे.

राहिला रंगूबाईचा गुडघा. चट्टे बरे झाल्यावर ती पुन्हा आली आणि दारात बसून कण्हू लागली. शेवंतीने दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी चरफडत तिळाचं तेल गरम करून आणलं, चटई टाकली आणि गुडघा चोळायला बसली. "माझ्या हाताला करंट नाय," ती म्हणाली, "पण घे."

रंगूबाईने डोळे मिटले. "बरा वाटतंय गो. तुझ्या हाताला गुण हाय."

पोपटशेठने ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना सांगू लागला की आईचा हात आता शेवंतीत उतरलाय. पाट शेवंतीच्या चटईशेजारी आला. आधी रंगूबाईची जाऊ आली, मग विहीण.

"गुण माझ्यात नाय, त्या तारेत आहे!" शेवंती ओरडली. कुणी ऐकलं नाही. विहीणबाईंनी खांदा पुढे केला. शेवंती तोंडाने बडबडत आणि हाताने तेल चोळत बसली, आणि तिचं लक्ष यंत्राकडे गेलं. गणू मोटर सुरू करायच्या तयारीत होता. त्याने आधी वाकून पायातल्या रबरी चपला नीट केल्या, मग यंत्रामागे जाऊन तार जागेवर आहे का ते हाताने ओढून पाहिलं, आणि मगच तसबिरीला नमस्कार केला.

त्यानंतर शेवंतीची बडबड थांबली. विहीणबाईंचा खांदा तिने नीट, वेळ घेऊन चोळला.